गोंगाटातलं गाणं

(चवथीच्या आधी इब्रामपूर इथे झालेल्या मंडळाच्या श्रवणसभेतल्या भाषणाचा मजकूर. बोलताना अधूनमधून ध्वनिमुद्रणं ऐकवली होती. त्या जागा मजकुरात तशाच ठेवल्या आहेत.)



आपल्या श्रवणसभेत आजवर नाट्यसंगीत झालं, अभंग झाले, भजनाच्या ठेक्यांवरही एक सभा झाली. यंदाची सभा कार्यकारिणीने आम्हा श्रवणगटाकडे सोपवली. आम्ही विषय सांगितला तेव्हा बैठकीत थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. विषय होता १९९१ साली इंग्लंडात निघालेला एक रॉक अल्बम. अल्बमचं नाव ‘लव्हलेस’ आणि बँडचं नाव ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’. मग एका ज्येष्ठ सभासदांनी सरळ विचारलं, “चवथीच्या तोंडावर हे कशाला?” प्रश्न रास्त आहे. आजचं बोलणं हे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

दर वर्षी विसर्जन झालं की आपल्याकडे एकच वाद रंगतो. ज्येष्ठ म्हणतात, आवाज फार झाला. पोरं म्हणतात, आवाजच नसेल तर चवथ कसली! दोन्ही बाजू ‘आवाज’ हा एकच शब्द वापरतात, पण दोघांच्या मनातल्या गोष्टी वेगळ्या असतात. घुमटाचाही आवाज आणि जनरेटरवर चालणाऱ्या स्पीकरच्या भिंतीचाही आवाजच. या दोहोंत फरक काय, हे शांतपणे तपासायला आम्हाला बाहेरची एखादी वस्तू हवी होती, जिच्याशी आपल्यापैकी कुणाचं नातं नाही आणि भांडणही नाही. ‘लव्हलेस’ त्यासाठी फार सोयीचा आहे. तो अतिशय कर्कश आहे आणि अतिशय हळुवारही आहे. या दोन्ही गोष्टी त्यात एकाच वेळी चालू असतात.

आधी थोडी माहिती. केविन शील्ड्स आणि ड्रम वाजवणारा कॉल्म ओ किसोग या दोन मित्रांनी १९८३ साली आयर्लंडातल्या डब्लिन शहरात हा बँड काढला. पुढे बेस गिटारवर डेबी गूज आणि गिटार व गाण्यासाठी बिलिंडा बुचर आल्या, आणि मुक्काम लंडनला हलला. १९८८ साली त्यांचा पहिला अल्बम निघाला आणि त्याचं कौतुक झालं. १९८९ च्या फेब्रुवारीत दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. ‘क्रिएशन’ ही त्यांची कंपनी तशी लहानशीच. काम पाच दिवसांत उरकेल अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात अडीच वर्षांहून जास्त काळ गेला आणि १९ स्टुडिओ पालथे घातले गेले. अल्बम बाजारात आला ४ नोव्हेंबर १९९१ ला. त्यात ११ गाणी आहेत आणि लांबी सुमारे ४८ मिनिटं. खर्च अडीच लाख पौंडांवर गेला अशी बोलवा होती. शील्ड्स यांनी तो आकडा कधी मान्य केला नाही. एवढं मात्र खरं की थोड्याच काळात कंपनीने बँडशी संबंध तोडले, आणि त्यांचा पुढचा अल्बम यायला २०१३ साल उजाडलं.

विलायतेतल्या विक्रीच्या यादीत हा अल्बम २४ व्या क्रमांकापर्यंतच चढला. तरीही नव्वदच्या दशकातले महत्त्वाचे अल्बम मोजायला बसलं की याचं नाव निघतंच. या प्रकारच्या संगीताला तिथल्या पत्रकारांनी थट्टेने ‘शूगेझ’ म्हटलं, म्हणजे बुटांकडे बघत वाजवणारे. आवाज बदलणारी पायाने दाबायची यंत्रं जमिनीवर मांडलेली असत, त्यामुळे वादकांची नजर खालीच असायची. श्रोत्यांकडे बघून हातवारे करायचे नाहीत, उड्या मारायच्या नाहीत, मान खाली घालून वाजवायचं. आपल्याकडे आरतीला बसलेला घुमटवादक तरी कुठे कुणाकडे बघतो?

आता पहिलं गाणं ऐकू या. ‘ओन्ली शॅलो’. सुरुवातीला ड्रमचे झपाझप ठोके येतील आणि पाठोपाठ गिटार अंगावर येईल. कुणी दचकलं तर चालेल. फक्त अर्ध्या मिनिटानंतर एक बाई गाऊ लागते, तिच्याकडे लक्ष ठेवा.

(इथे गाणं ऐकवलं.)

काही जणांनी कानांवर हात ठेवले, ते आम्ही पाहिलं. आता ती गाणारी बाई आठवा. बाहेर एवढा हलकल्लोळ चालला असताना तिचा आवाज चढला का? नाही. पाळण्यातल्या लेकराला थोपटताना गुणगुणावं, तशी ती गात होती. रॉकमध्ये सहसा गिटार वाढली की गायकही ओरडायला लागतो. इथे गाणं गिटारशी झगडत नाही, ते तिच्यात मिसळून जातं. शब्द नीट कळत नाहीत, आणि ते कळावेत असा आग्रहही नाही.

हे कसं साधलं याच्या हकिकती वाचनात आल्या. गाताना शील्ड्स आणि बुचर गायनाची खोली आणि यंत्रांची खोली यांच्यामधल्या काचेवर पडदा लावून घेत. तंत्रज्ञांना आत काय चाललंय ते दिसत नसे. मनासारखं गाणं झालं की पडदा बाजूला करून हात हलवायचा, एवढीच खूण. बिलिंडा बुचर यांना पुष्कळदा झोपेतून उठवून थेट गायला उभं करत, म्हणून आवाजात ती गुंगी आहे. एकच ओळ त्या पुन्हा पुन्हा गात आणि त्यातले दहा-बारा आवाज एकमेकांवर ठेवले जात. प्रत्येक आवाज केसभर वेगळा असल्यामुळे सगळे मिळून एक धुकं तयार होतं. भजनात मागे झील धरणारे आठ-दहाजण असले की नेमकं हेच होतं. कुणाचाही आवाज तंतोतंत जुळत नाही, आणि त्या न जुळण्यातूनच भरीवपणा येतो.

आता गिटारीकडे वळू. विजेच्या गिटारला उजव्या हाताशी एक लोखंडी दांडी असते. ती दाबली की सगळ्या तारा एकदम थोड्या सैल होतात आणि सूर खाली उतरतो. इतर वादक ती कधीमधी वापरतात. शील्ड्स यांनी ती मुठीतच धरून ठेवली आणि तसाच झणकार करत राहिले. त्यामुळे कुठलाही सूर एका जागी ठरत नाही, सगळं झुलत राहतं. जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल पडला की कॅसेट कशी हेलकावे खात वाजायची, ते आपल्यापैकी चाळिशीपुढच्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो तेव्हा बिघाड होता. शील्ड्स यांनी त्याचीच मींड केली.

दुसरी युक्ती प्रतिध्वनीची. देवळात घंटा वाजवली की आधी टोला ऐकू येतो आणि मग तो घुमत घुमत विरतो. यंत्राच्या साहाय्याने त्यांनी हे उलटं केलं. घुमणं आधीच फुगत येतं आणि टोला कुठे पडला ते कळत नाही. त्यामुळे आवाज समोरून आल्यासारखा वाटत नाही. तो सगळीकडून वेढतो.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. हा अल्बम ऐकून लोकांना वाटतं की शेकडो गिटारी एकावर एक चढवल्या असतील. शील्ड्स यांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय की गिटारी फार थोड्या आहेत. जे ऐकू येतं ते गर्दीमुळे आलेलं नाही, एकेका सुराच्या आत जे दडलेलं असतं ते बाहेर काढल्यामुळे आलेलं आहे.

इथून आपण घरी परत येऊ. खुंटीवरून घुमट काढा आणि समोर ठेवा. साधं मातीचं मडकं, पण दोन तोंडांचं. रुंद तोंडावर कातडं, अरुंद तोंड उघडं. उजवा हात कातड्यावर पडतो आणि डाव्या हाताचा तळवा उघड्या तोंडावर झाकतो, उघडतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की आतली हवा घुमते, तसंच इथेही घुमतं. तळव्याने वाट अडवली की तो घुमारा बदलतो. म्हणजे एका ठोक्यात दोन आवाज असतात, कातड्याचा चटकदार आणि हवेचा खोल. सोबत दोन काठ्यांनी वाजणारं शामेळ आणि कांसाळें. पाच-सहा घुमटं, एक शामेळ, एक कांसाळें एवढ्या सामानावर अख्खं घर, वरची माटोळी, खालची जमीन, सगळं थरथरतं. विजेचा एक दिवाही लागत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या घरापर्यंत आरतीचे शब्द स्पष्ट असतात. रात्र चढते, वाड्यावरची सहा-सात घरं होतात, लय वाढत जाते, गळे बसतात. मग शब्द विरघळतात आणि नुसता नाद उरतो. कुणाची तक्रार नसते, कारण शब्द सगळ्यांच्या पोटात असतात. आपल्या पेडणे-डिचोली भागात घरात बोली कोंकणी असली तरी आरती मराठीच. ती मराठी आपल्याकडे पाठ्यपुस्तकातून आलेली नाही, घुमटाच्या ठेक्यावर बसून आलेली आहे. ज्या पोराला मराठीचा एक परिच्छेद धड वाचता येत नाही, तोही सगळ्या आरत्या घडाघडा म्हणतो.

आणखी एक उदाहरण तंबोऱ्याचं. मिरजेचे कारागीर तंबोरा करतात तेव्हा घोडीवर, तारेखाली एक बारीक दोरा सरकवून तिची नेमकी जागा शोधतात. याला जवारी लावणं म्हणतात. दोरा नसेल तर तार स्वच्छ वाजते, पण मुकी वाटते. दोरा लागला की ती घोडीला हलकेच घासते, झणझणते, आणि त्या झणझणाटातून एका तारेत अनेक सूर ऐकू येऊ लागतात. म्हणजे आपल्या शास्त्रीय संगीताचा पायाच मुळी मुद्दाम घातलेल्या किंचित खरखरीवर उभा आहे. गायक त्या धुक्यात बसून गातो. ‘लव्हलेस’मधली बाई गिटारींच्या धुक्यात बसून गाते. प्रमाण वेगळं, जात वेगळी, पण नातं लावायला जागा आहे असं आम्हाला वाटतं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप विलायतेत ठीक, १९ स्टुडिओ आपण कुठून आणणार? त्याचंही उत्तर आपल्याच नदीकाठी आहे. तिलारीचं पाणी आपल्या गावाच्या अंगावरून पुढे जातं, कोलवाळ, शिवोली करत शापोऱ्याला समुद्रात मिळतं. त्या शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ नावाची कॅसेट काढली. राहत्या घरात, चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रावर, जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवून ती मुद्रित केली आणि स्वतःच स्कूटरवरून दुकानांत पोचवली. कुठल्याही बड्या कंपनीचा हात डोक्यावर नव्हता. स्टुडिओ १९ असोत की एक ओसरी असो, आधी कानाला हवं ते ठरवावं लागतं.

मुंबईतही त्या काळात हे वारं होतं. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा मेळा भरू लागला. महेश तिनईकर यांची गिटार असलेला ‘रॉक मशीन’, म्हणजेच पुढचा ‘इंडस क्रीड’, हा बँड त्याच पिढीतला. रंगभवनाच्या आजूबाजूला रुग्णालयं आहेत. शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले आणि उघड्यावरचे ते कार्यक्रम तिथे बंद पडले. जाणाऱ्यांना हळहळ वाटली, पण खाटेवरच्या रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर नियम चूक म्हणता येत नाही.

आता थोडं कडू बोलायचं आहे. आम्हाला हा अल्बम आवडतो म्हणून सगळा मोठा आवाज चांगला, असं आम्ही म्हणणार नाही. हाच बँड प्रत्यक्ष कार्यक्रमात एका गाण्याच्या मध्यावर एकच सूर पंधरा-पंधरा मिनिटं असह्य जोरात धरून ठेवतो. २००८ साली ते पुन्हा मंचावर आले तेव्हा दारावर श्रोत्यांना कानात घालायचे बोळे वाटत होते. खुद्द शील्ड्स यांच्या कानात कायमची शिट्टी वाजते. ती थांबत नाही.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं मान असं आहे: ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. मोठ्या स्पीकरसमोर नाचणारं पोर मिरवणुकीत किती वेळ असतं ते प्रत्येकाने आपापल्या घरात मोजावं. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आपल्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि सणावारासाठी सरकारला वर्षातले फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. ही सूट १२ पर्यंतच असते, पहाटेपर्यंत नाही, हे आपल्याला नीट माहीत असावं.

पण आमची काळजी डेसिबलपुरती नाही. स्पीकरच्या भिंतीपुढे आपण फक्त ऐकणारे उरतो. गळा चालत नाही, हात चालत नाही, शेजारच्याचा आवाज कानावर पडत नाही. घुमटाच्या घोळक्यात मात्र डावीकडचा चुकला तर उजवीकडच्याला कळतं, कारण दोघे एकमेकांना ऐकत असतात. ऐकल्याशिवाय घुमट वाजवताच येत नाही. ‘लव्हलेस’ करणाऱ्यांनी अडीच वर्षं हेच केलं. एवढा मोठा आवाज त्यांनी कणाकणाने ऐकून बांधला. मोठा आवाज आणि बारीक कान यांचं वैर नाही, हे आम्ही त्या अल्बमकडून शिकलो.

घुमटाची अवस्था आपण सगळे जाणतो. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. आता बकऱ्याचं कातडं चढतं. जुने वादक म्हणतात की तो टणत्कार आता येत नाही. येत नसेल, पण नवं कातडं कसं तापवायचं, पावसाळी हवेत किती ताणायचं, हात कुठे टाकायचा, हे शोधणं आता आपल्यावर आहे. तारेवर दोरा सरकवत बसणाऱ्या मिरजेच्या कारागिराइतका धीर त्याला लागेल. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. मान मिळाला, आनंद झाला. पण सरकारी कागदाने बोटं तयार होत नाहीत. काही घरांत पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला, दुबईला. वाजवणारे दोन म्हातारे उरले, की मोबाइल छोट्या स्पीकरला जोडून आरती लावतात. गणपतीसमोर सगळे उभे असतात आणि कुणीच गात नसतं. त्या घरात डेसिबल कमी असतात, नियम पाळलेला असतो, आणि तरी काहीतरी गेलेलं असतं.

म्हणून आमच्या गटाने चार सूचना ठेवल्या आहेत. मंडळाने त्यांचा विचार करावा.

एक, घरच्या आणि मंडळाच्या आरतीला ध्वनिक्षेपक नको. जितकी माणसं, तितका आवाज. माणसं कमी असतील तर आवाज कमी, त्यात लाज कसली?

दोन, श्रावणापासून दर रविवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात घुमटाची तालीम. मुलींनाही बसवावं. गोव्यात आज बायकांची घुमट-आरती पथकं उभी आहेत आणि उत्तम वाजवतात. आपणही मागे राहू नये.

तीन, प्रत्येक वाड्याची आरती यंदा मुद्रित करावी. साधा मोबाइल पुरेल. वाजवणाऱ्यांची नावं, दिवस, घर, चाल, एवढी नोंद सोबत हवी. दर वाड्याचा ठेका थोडा वेगळा असतो, आणि तो ज्यांच्या हातात आहे त्यांचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे. हे काम पुढच्या चवथीवर ढकलण्याजोगं नाही.

चार, विसर्जनाला कुणी मोठे स्पीकर लावणारच असेल तर लहान मुलांना त्यापासून दूर ठेवावं आणि मंडळाने कानात घालायचे बोळे आणून ठेवावेत. तीस-चाळीस रुपयांची वस्तू आहे. जगातल्या अतिकर्कश बँडला ते वाटण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

आता शेवटचं गाणं, ‘सून’. अल्बममधलंही हे शेवटचंच. यात ठेका आहे, पाय आपोआप हलतील. गाणं संपलं की मध्ये न थांबता इथे बसलेले वादक घुमटावर हात टाकतील. पहिल्या आरतीला सगळ्यांनी गायचं आहे. आमची एकच विनंती आहे, गाताना शेजारच्याचा आवाज ऐकू येईल एवढंच जोरात गावं.

 गणपती बाप्पा मोरया!